दक्षिण समुद्रातील लोखंडाचा हिशेब



‘मला अर्धा टँकर लोखंड द्या, मी तुम्हांला हिमयुग आणून देतो,’ असे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ साली भर सभेत, काहीशा थट्टेने, म्हटले होते. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो आपल्याकडचा टँकर : वैशाखात गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहणारा, आणि ज्याच्यामागे घागरी-कळश्यांची रांग लागते तो. त्यात अर्ध्यापर्यंत लोखंड भरले तर हिमयुग कसे येणार, हे मला काही केल्या उमजेना. पुढे कळले, की त्या गृहस्थांचा टँकर म्हणजे समुद्रावरचे तेलवाहू जहाज. परंतु तोवर त्या वाक्याने माझा पिच्छा पुरवला होता, आणि त्याचा माग काढता काढता मी गोव्याच्या किनाऱ्यावरील एका संस्थेपर्यंत आणि तेथून थेट दक्षिण समुद्रातील एका जहाजापर्यंत जाऊन पोहोचलो. अर्थात् पुस्तकांतून. प्रत्यक्षात मी मुरगावच्या पलीकडे पाण्यात पाऊल टाकलेले नाही.

मी शास्त्रज्ञ नव्हे. बाजार समितीतील हमाल आणि साखर कारखान्यांतील हंगामी कामगार ह्यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार-कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. पण मला आज एका हिशेबाविषयी बोलावयाचे आहे, आणि हिशेब तपासणे हा तर आमचा धंदाच आहे.

हवेत जो कार्बन डायऑक्साइड असतो, ज्याला जुन्या पुस्तकांत कर्बाम्लवायू म्हणत, त्याचे मोजमाप चार्ल्स कीलिंग ह्यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ ह्या पर्वतावर सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२०च्या वर गेला आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण जेवढा वायू हवेत सोडतो तेवढा सगळाच हवेत राहता, तर हा आकडा ह्याहून कितीतरी मोठा झाला असता. तो झाला नाही, कारण त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो; आणि समुद्राच्या ह्या वाट्यापैकी सुमारे चाळीस टक्के एकटा दक्षिण महासागर, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा थंड समुद्र, उचलतो.

थंड समुद्रच एवढा का उचलतो, हे समजायला प्रयोगशाळा नको. सोड्याची बाटली बर्फातून काढून फोडा आणि दुसरी उन्हात ठेवलेली फोडा. उन्हातली फसफसून अंगावर येते. बर्फातली वायूला धरून ठेवते. पाणी जितके थंड तितका त्यात वायू अधिक मावतो. हा झाला देवघेवीचा एक रस्ता. दुसरा रस्ता जिवंत आहे. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात, आपण समुद्राचे गवत म्हणू. हे गवत पाण्यातला कर्बाम्लवायू घेऊन वाढते, आणि पाण्यातला वायू कमी झाला की हवेतला त्याची जागा घ्यायला हळूहळू खाली येतो. हळूहळू म्हणजे आठवड्यांनी, महिन्यांनी. गवत मेले व हजार मीटरांखाली बुडाले, तर त्याच्या अंगातला कर्ब शतकानुशतके वर येत नाही. ते वरच्या वर खाल्ले गेले, तर खाणाऱ्याच्या श्वासावाटे बराचसा कर्ब पुन्हा पाण्यात, आणि पाण्यातून हवेत.

म्हणजे प्रश्न दोन झाले : गवताने किती घेतले, आणि तळाला किती पोहोचले? आमच्या भाषेत सांगायचे तर पगारचिठ्ठीवरचा एकूण पगार एक, आणि उचल, सोसायटीचा हप्ता, फंड कापून हातात पडणारी रक्कम दुसरी. जन्मभर मी पाहत आलो, की मालकाची बाजू मांडणारा मनुष्य नेहमी पहिला आकडा सांगतो.

आता लोखंडाकडे वळू. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद विपुल आहे. तरीही तेथील पाणी जितके हिरवे असावे तितके नसते. आपल्यापैकी ज्यांचा ऊस चुनखडीच्या काळ्या रानात आहे त्यांना ह्या कोड्याचे नवल वाटू नये. खताची पोती ओतली तरी पानांवर केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, आणि मग कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणून फवारावा लागतो. हिराकस म्हणजे लोखंडाचेच लवण. रोपाला लोखंड लागते चिमूटभर, पण त्या चिमटीवाचून हिरवेपणा नाही. दक्षिण समुद्राला केवडा पडलेला आहे, अशी शंका घेणारे जॉन मार्टिन हेच ते अर्ध्या टँकरचे शास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील सागरी प्रयोगशाळेचे हे प्रमुख तरुणपणीच पोलिओने अधू झालेले होते.

ही शंका पूर्वीच सिद्ध का झाली नाही, ह्याची गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. समुद्राच्या पाण्यात लोखंड किती, हे मोजायला शास्त्रज्ञ जात ते लोखंडाच्या जहाजातून. दोर लोखंडी, कप्पी लोखंडी, डेकवर गंज. पाण्याचा नमुना वर येईपर्यंत त्यात जहाजाचेच लोखंड मिसळलेले असे. मोजणारा आपलाच गंज मोजून ‘समुद्रात लोखंड भरपूर आहे’ असे लिहून मोकळा होई! मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पराकाष्ठेची स्वच्छता पाळून नमुने घेतले, तेव्हा कळले की खुल्या समुद्रात लोखंड जवळजवळ नाहीच. उत्तर प्रशांत महासागरातल्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोके पाडून काढलेल्या नळ्यांतून दिसले होते, की हिमयुगात हवेतला कर्बाम्लवायू दहा लाखांत २००च्याही खाली उतरला होता, आणि त्या काळच्या थरांत धूळ अधिक होती. धूळ म्हणजे माती आणि मातीत लोखंड. कोरड्या वाऱ्याने समुद्राला आयते खत घातले, गवत वाढले, कर्ब तळाला गेला आणि हवा थंडावली, असा तर्क मार्टिन ह्यांनी १९९० साली मांडला. आज त्याला हिमयुगाच्या कारणांपैकी एक मानतात, एकमेव नव्हे.

मार्टिन १९९३च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गालापागोस बेटांच्या दक्षिणेस, त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात सुमारे साडेचारशे किलो लोखंड मिसळून पहिला प्रयोग केला. पाणी हिरवे झाले.

१९९३चा ऑक्टोबर म्हटल्यावर ह्या सभागृहात दुसरे काही आठवणार नाही, हे मी जाणतो. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर मीही सास्तूरच्या ढिगाऱ्यांवर पत्रे आणि तुळया उचलत होतो. वीस-बावीस वर्षांचा होतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच दिवसांत कोणी समुद्रात लोखंड ओतीत आहे, हे कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. असो.

पुढे अनेक देशांनी असे प्रयोग केले. थंड दक्षिण महासागरातला पहिला १९९९च्या फेब्रुवारीत झाला, आणि त्यातून उठलेला हिरवा पट्टा कित्येक आठवड्यांनंतरही उपग्रहाला दिसत होता. ह्या मालिकेतला २००९ सालचा प्रयोग आपल्या घरचा आहे.

गोव्याला दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ, १ जानेवारी १९६६ रोजी, ती स्थापन झाली. ह्याच संस्थेचे पूर्वीचे संचालक डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली व जानेवारी १९८२मध्ये त्या बर्फावर उतरली. म्हणजे पणजीच्या मासळीबाजारापासून हाकेच्या अंतरावर दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राचा अभ्यास करणारी माणसे पूर्वीपासून आहेत. २००७ साली ह्या संस्थेच्या बाजूने भारताने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेशी हातमिळवणी केली. ठरले असे, की जर्मनांचे ‘पोलारस्टर्न’ हे बर्फ फोडणारे जहाज घ्यायचे आणि दोन्ही देशांच्या माणसांनी मिळून दक्षिण अटलांटिकमध्ये लोखंडाचा प्रयोग करायचा. नाव ठेवले ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोहा’ हिंदी, बाकीचे शेपूट इंग्रजी. आमच्या शेजारच्या लोहारा गावचा ह्या नावाशी काही संबंध नाही, तरी हे नाव प्रथम वाचताना मी क्षणभर थबकलो, हे कबूल करतो. प्रमुख दोघे : गोव्याच्या संस्थेचे डॉ. वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेचे डॉ. व्हिक्टर स्मेटासेक. हे दुसरे गृहस्थ नावाने परके असले तरी वाढले आपल्या कुमाऊँच्या डोंगरात.

७ जानेवारी २००९ रोजी जहाज केपटाउनहून निघाले, आणि निघताच वादात सापडले. वादाला कारण होते. मागील दोन वर्षांत काही खाजगी कंपन्यांनी असा धंदा योजला होता, की समुद्रात लोखंड टाकायचे, गवत उगवायचे, आणि ‘इतका कर्ब आम्ही हवेतून काढला’ अशा पावत्या बाजारात विकायच्या. धूर सोडणाऱ्याने पावती विकत घ्यायची आणि धूर सोडीत राहायचे. ह्यावर जगभर ओरड झाली. मे २००८मध्ये जर्मनीतच बॉन येथे जैवविविधता कराराच्या परिषदेने सर्व देशांना विनंती केली, की पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत असे उद्योग होऊ देऊ नयेत. सूट फक्त किनाऱ्याजवळच्या छोट्या वैज्ञानिक प्रयोगांना. आता ४८ अंश दक्षिण अक्षांशावरचा खुला समुद्र हा काही किनारा नव्हे. पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली. संशोधन मंत्रालयाने प्रयोग थांबवून स्वतंत्र तज्ज्ञांची मते मागवली. एकाच सरकारची दोन खाती एकमेकांविरुद्ध, आणि जहाज अर्ध्या वाटेवर!

येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या संघटनेचे एक अभ्यासमंडळ आहे. रविवारी सायंकाळी दहा-पंधरा जण जमतात. २००९च्या जानेवारीत वर्तमानपत्रातली बातमी घेऊन मी तेथे उभा राहिलो आणि तावातावाने बोललो : समुद्र कोणाच्या बापाचा नाही, भांडवलदारांच्या धुरासाठी त्यात लोखंड ओतणारे हे जहाज परत बोलवावे. ठराव झाला. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. पावत्या विकणाऱ्यांविषयी मी जे बोललो त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. परंतु ह्या जहाजावर पावत्या विकणारा कोणी नव्हता. होते सुमारे पन्नास शास्त्रज्ञ, त्यांतले निम्म्याहून अधिक भारतीय. आणि ते निघाले होते तो पावतीवाल्यांचा दावा खरा की खोटा, हे मोजायला. मी मालकाला विरोध करायला निघालो आणि हिशेबनीसाचाच हात धरला. हे कळायला मला काही वर्षे लागली. एका प्राध्यापक स्नेह्यांनी अहवालाची प्रत दिली आणि शब्दकोश हाताशी घेऊन ती मी दोन पावसाळे वाचीत होतो.

तज्ज्ञांची मते आली : प्रयोग लहान आहे, त्याने समुद्राची हानी होण्याचे कारण दिसत नाही. २६ जानेवारीला, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकदिनीच, परवानगी मिळाली. तोवर जहाजावरची माणसे स्वस्थ बसली नव्हती. त्यांनी योग्य भोवरा शोधून ठेवला होता. भोवरा कशासाठी? खुल्या समुद्रात टाकलेले काहीही पांगते. पण अशा मोठ्या भोवऱ्याच्या पोटातले पाणी आठवडेच्या आठवडे स्वतःभोवतीच फिरत राहते. त्याच्या मध्यभागी तीनशे चौरस किलोमीटरचा तुकडा त्यांनी निवडला व त्यात दहा टन हिराकस पाण्यात विरघळवून सोडला. दहा टन हिराकसात लोखंड असते दोन टन. ऐकायला मोठे, पण भागाकार करून पाहा. एका चौरस मीटर समुद्राच्या वाट्याला सात मिलिग्रॅमसुद्धा येत नाही. एक ग्रॅमचा लहानसा खिळा दीडशे चौरस मीटर समुद्राला पुरवायचा, असा तो प्रकार. सुमारे तीन आठवड्यांनी तितकाच हिराकस पुन्हा दिला. एकूण एकोणचाळीस दिवस ही मंडळी त्या तुकड्यावर पाळत ठेवून होती. पाणी वर काढायचे, गाळायचे, मोजायचे. काय खाली बुडते ते पाहायला पाण्यात बुडवलेले सापळे लावायचे. लोखंड मिळालेले पाणी आणि शेजारचे न मिळालेले पाणी ताडून पाहायचे. तो दक्षिणेकडचा उन्हाळा होता, तरी पाण्याचा स्पर्श बर्फाच्या जवळचा.

पहिल्या दोन आठवड्यांत गवत दुप्पट झाले. पाण्यातला कर्बाम्लवायू कमी झाला. एवढ्यावर थांबले असते तर पावतीवाल्यांना पाहिजे तो आकडा मिळाला होता.

मग वाढ खुंटली. दुसऱ्या हप्त्याच्या हिराकसानेही ती विशेष हलली नाही. कारण शोधता आढळले, की कोपेपॉड नावाचे तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी किडे त्या गवतावर तुटून पडले होते. जितके उगवे तितके ते फस्त करीत. त्या किड्यांना खायला त्यांच्याहून मोठे कवचधारी जीव जमले. त्या मोठ्या जीवांवर माकूळ आणि देवमासे पोसतात. समुद्राच्या वरच्या थरात पंगत बसली. तळाला मात्र थोडेच गेले. गवताने जो कर्ब घेतला त्यातला बहुतेक वरच्या वर परत झाला. उचल घेतली, आणि पगाराआधीच ती कापून गेली!

हे ऐकून आमच्या मंडळातले एक वयोवृद्ध हमाल, ज्यांची सव्वा एकर ज्वारी असते, म्हणाले, ‘मग पीक आलं होतं की. पाखरांनी खाल्लं. राखण नव्हती.’ मला वाटते, ह्याहून नेमके कोणी सांगितले नसेल. आणि राखण का नव्हती, हाच ह्या प्रयोगाचा खरा शोध आहे. पूर्वीच्या काही प्रयोगांत जे गवत उगवले ते डायाटम जातीचे होते. ह्या वनस्पतीच्या अंगावर सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे, कवच असते. बाजरीच्या काही वाणांच्या कणसांवर जशी टोचणारी कुसे असतात आणि पाखरू बसायला कचरते, तसे. डायाटम खायला कठीण आणि जड, म्हणून बुडतात. परंतु कवचासाठी पाण्यात विरघळलेली सिलिका लागते. लोहाफेक्सच्या तुकड्यात ती फार थोडी होती. पूर्वीच्या नैसर्गिक बहरांनी ती आधीच संपवली होती. लोखंड मिळाले ते कवच नसलेल्या मऊ गवताला. दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात उन्हाळ्यात हीच स्थिती असते. म्हणजे नत्र आहे, स्फुरद आहे, वरून लोखंडही घातले, तरी तेथे कर्ब तळाला जाईलच असे नाही.

१७ मार्चला जहाज चिलीतील पुंता आरेनास बंदराला लागले, आणि त्याच महिन्यात दोन्ही संस्थांनी स्वच्छ सांगून टाकले, की कर्ब थोडाच शोषला गेला. २०१३ साली सविस्तर प्रबंध छापला गेला, त्याचाही सारांश हाच : वाढ झाली, बुडीत वाढ झाली नाही. ज्या कामासाठी दोन सरकारांनी पैसा दिला, ज्याच्यासाठी मंत्रालये भांडली, त्याचा निकाल ‘फारसे काही हाती लागले नाही’ असा जाहीर करायला धाडस लागते. आकडे फुगवून सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत आमच्या चळवळीतलेही आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्याच स्मेटासेकांनी २००४ साली दुसऱ्या एका भोवऱ्यात, जेथे सिलिका होती, प्रयोग केला होता. त्याचा पूर्ण हिशेब २०१२ साली बाहेर आला. तेथे डायाटम फुलले आणि निदान निम्मा बहर हजार मीटरांच्याही खाली बुडाला. तेव्हा लोखंडाने कधीच काही होत नाही, असे म्हणणाराही अर्धाच हिशेब सांगतो. एका शेतावरून तालुक्याची आणेवारी काढता येत नाही, इतकेच.

आणि ज्यांची आम्हांला धास्ती होती ते गप्प बसले नाहीत. २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे सुमारे शंभर टन लोखंडी खत समुद्रात टाकण्यात आले. तेथे स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नाही, मंत्रालयांची झटापट नाही. लोकांना कळले तेव्हा काम उरकले होते. दुसऱ्या वर्षी लंडन प्रोटोकॉल ह्या सागरी करारात अशा उद्योगांना आवर घालणारी दुरुस्ती मंजूर झाली. ती लागू व्हायला पुरेशा देशांची संमती मात्र लवकर मिळाली नाही. १९९३पासून खुल्या समुद्रात जे तेरा वैज्ञानिक प्रयोग झाले, त्यांतला तेरावा लोहाफेक्स.

अहवाल वाचून झाल्यावर एका रविवारी मी अभ्यासमंडळाची जुनी इतिवृत्ताची वही काढली. जानेवारी २००९चे पान सापडले. खाडाखोड करू नये असा आमचा नियम आहे, म्हणून त्या ठरावाखाली तांबड्या शाईने लिहिले : ‘पावत्यांच्या व्यापाराविरुद्धचा भाग कायम. जहाज परत बोलवावे हा भाग मांडणाऱ्याने अपुऱ्या माहितीवर मांडला होता. तो मागे घेतला.’ वाचून दाखवले. त्या वृद्ध हमालांनी अनुमोदन दिले आणि विचारले, पाखरे कोणती म्हणालास, त्यांचे नाव पुन्हा सांग. मी कोपेपॉड हा शब्द फळ्यावर लिहिला.